ऑर्किडची हौस: पहिल्या कुंडीपासून पहिल्या पिल्लापर्यंत

भेट म्हणून आलेली फॅलेनॉप्सिस या ऑर्किडची कुंडी दिवाणखान्यात दोन-अडीच महिने मस्त फुललेली असते. मग फुलं गळतात, बोडका दांडा आणि चार जाड पानं उरतात. रोप संपलं असं समजून कुणी ते टाकून देतं. कुणी त्याला जगवायचंच म्हणून रोज पाणी घालतं. पहिल्याचं रोप त्याच दिवशी जातं, दुसऱ्याचं महिन्या-दीड महिन्याने. खरं तर फुलं गळल्यावर रोपाला काहीही झालेलं नसतं.

हौस वाढते तशी चुकांची जातही बदलते. सुरुवातीला पाणी जास्त होतं, मग खत जास्त होतं, आणि वर्षभराने कुंड्या जास्त होतात. पुढची माहिती त्याच क्रमाने दिली आहे.

आधी मुळं बघा

घरात ठेवली जाणारी बहुतेक ऑर्किड रानात झाडांच्या फांद्यांवर वाढतात. ती बांडगुळं नव्हेत. झाडातून ती काही शोषत नाहीत, नुसती धरून राहतात. त्यांची जाड मुळं उघडी लोंबतात आणि मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं. पाऊस पडला की हे आवरण मिनिटभरात भिजून हिरवं दिसतं, वाऱ्याने सुकलं की रुपेरी पांढरं होतं. ऑर्किडचं पाणी, कुंडी, जागा हे सगळं या एका गोष्टीवरून ठरतं: मूळ भिजलं पाहिजे आणि मग सुकलंही पाहिजे. सतत ओलं राहिलं तर हवा मिळत नाही, मूळ गुदमरतं आणि कुजतं. मुळं कुजली की पानं सुरकुततात, ती बघून माणसाला वाटतं रोप तहानलंय, आणि तो आणखी पाणी घालतो. नवशिक्यांची निम्मी रोपं याच चक्रात जातात.

म्हणून माती नको. बागेतली लाल माती नको, शेणखत नको आणि कोकोपीटचा भुसाही नको. नर्सरीवाला प्रेमाने ‘मोठ्या कुंडीत मातीत लावून देतो’ म्हणाला तर हात जोडून नाही म्हणा.

पहिलं रोप कोणतं

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा या दमट पट्ट्यात डोळे मिटून संकरित डेंड्रोबियम घ्या, ज्याची जांभळी-पांढरी फुलं हारवाल्याकडे आणि लग्नाच्या सजावटीत दिसतात. थायलंडमध्ये ते शेतांतून फुलांसाठी लावलं जातं आणि तिथली उष्ण दमट हवा आपल्या किनाऱ्याच्या हवेशी जुळते. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडे डेंड्रोबियम चालतंच, शिवाय खिडकीत फॅलेनॉप्सिसही रमतं. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यातली कोरडी झळ ही खरी अडचण आहे. तिथे फॅलेनॉप्सिस घरात ठेवणं सोपं, डेंड्रोबियम बाहेर ठेवायचं तर दुहेरी सावली आणि खाली ओल्या खडीचा ट्रे लागतो.

सिंबिडियमच्या भरगच्च तुऱ्यांच्या फोटोंवर जाऊ नका. कळ्या धरायला त्याला थंड रात्री लागतात, त्या सिक्कीम-दार्जिलिंगकडे मिळतात. मुंबईत ते वर्षानुवर्षं गवतासारखं हिरवंगार राहील आणि एकदाही फुलणार नाही. डेंड्रोबियममध्येही नोबिल प्रकार वेगळा: त्याला हिवाळ्यात थंडी आणि कोरडेपणा दोन्ही हवं. ‘हिवाळ्यात डेंड्रोबियमचं पाणी तोडा’ हा सल्ला त्याच्यासाठी आहे, तुमच्या नेहमीच्या संकरित डेंड्रोबियमसाठी नाही.

विकत घेताना फूल शेवटी बघा. आधी रोप बुंध्याशी धरून हलकेच हलवा. कुंडीत डगमगत असेल तर मुळं गेलेली आहेत किंवा कालच लावलंय. डेंड्रोबियमला उसासारख्या पेरांच्या किमान ४-५ कांड्या असाव्यात आणि बुडाशी एक तरी नवा कोंब असावा. मुळांची टोकं हिरवी किंवा लालसर ओलसर दिसली म्हणजे रोप वाढतंय. पानं उलटी करून मधल्या शिरेपाशी बघा. तिथे पांढरा कापूस किंवा तपकिरी खवले असतील तर ते रोप तिथेच राहू द्या. छोट्या पिशवीतली स्वस्त बाळरोपंही पहिल्या वर्षी नकोत. त्यांना फूल यायला तीन-चार वर्षं लागतात, तोवर धीर सुटतो.

जागा आणि ऊन

पूर्वेची गॅलरी सगळ्यात सोयीची. सकाळी आठ-नऊपर्यंतचं कोवळं ऊन अंगावर आणि नंतर उजेड, हे डेंड्रोबियमला मानवतं. पश्चिमेला किंवा गच्चीवर ५० टक्क्यांची शेडनेट बांधावी लागते. फॅलेनॉप्सिसला ७५ टक्क्यांची नेट किंवा खिडकीतला पडद्याआडचा उजेड पुरतो.

उजेड मोजायला यंत्र नको. भर दुपारी पानाच्या फूटभर वर हात धरा. सावलीच्या कडा पुसट पण बोटं ओळखू येतात, तर फॅलेनॉप्सिसला योग्य. कडा बऱ्यापैकी स्पष्ट असतील तर डेंड्रोबियमला बरोबर. सावलीच दिसत नसेल तर ती जागा ऑर्किडची नाही. पानंही सांगतात. गडद हिरवी पानं दिसायला छान, पण त्यांचा अर्थ उजेड कमी आणि फुलं येणार नाहीत. पोपटी हिरवा रंग हवा. पान हाताला गरम लागलं तर सावली वाढवा, कारण तासाभरात तिथे पांढरट डाग पडतो, मग तपकिरी होतो आणि पान असेपर्यंत जात नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणून वर्षभर सावलीत असलेल्या उत्तरेच्या गॅलरीत मे-जूनला अचानक ऊन शिरतं आणि फॅलेनॉप्सिस भाजतं. दक्षिणेच्या गॅलरीत उलट: हिवाळ्यात ऊन आत भिंतीपर्यंत येतं. वर्षातून दोनदा कुंड्या सरकवायची तयारी ठेवा.

कुंडी भरणं

बाजूला भोकं असलेली मातीची कुंडी घ्या. पाच-सहा कांड्यांच्या डेंड्रोबियमला ४ इंची पुरते. ‘वाढायला जागा’ म्हणून ८ इंची घेतली तर मधला भाग सुकतच नाही.

भरायला लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणांचे तुकडे, म्हणजे बाजारातल्या कोको चिप्स. सगळे २ ते ३ सेंटिमीटरचे. किनारपट्टीवर कोळसा २ भाग, वीट १ भाग, बास. पुणे-नाशिककडे त्यात १ भाग सोडण घाला, नागपूर-संभाजीनगरकडे २ भाग. कोळसा साधा लाकडाचा हवा, भुकटी दाबून केलेल्या बारबेक्यूच्या वड्या पाण्यात विरघळून चिखल होतात. कोळसा धुताना काळं पाणी येणं थांबेपर्यंत धुवा, वीट रात्रभर भिजवा, सोडण तीन दिवस भिजवून रोज पाणी बदला. सोडणात क्षार असतात, न धुता वापरलं तर मुळांची टोकं काळी पडतात.

कुंडी बदलायची वेळ कॅलेंडरवर नसते, कोंबावर असते. नव्या कोंबाच्या बुडाशी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर लांबीची नवी मुळं फुटली की तो दिवस. फुलात असलेलं रोप हलवू नका. मग असं करा:

१. रोप तासभर पाण्यात भिजवा. मुळं लवचिक होतात आणि कुंडीपासून सुटतात. सुटत नसतील तर मुळं ओढण्यापेक्षा कुंडी फोडा.

२. एकेक मूळ बोटात दाबून बघा. टणक ते ठेवा. पिचपिचीत किंवा पोकळ, ज्याची साल निघून आत दोरा उरतो, ते कापा. कात्री आधी गॅसच्या ज्योतीवर तापवून गार करा आणि पुढच्या रोपाआधी पुन्हा तापवा, कारण ऑर्किडचे विषाणू पात्यावरूनच पसरतात.

३. रोप एक दिवस सावलीत उघडं ठेवा, म्हणजे काप सुकतात.

४. तळाला मोठे विटांचे तुकडे. त्यावर रोप असं ठेवा की जुन्या कांड्या कुंडीच्या कडेला आणि नवा कोंब मध्याकडे. पुढची वाढ त्याच दिशेने होते. बूड कोळसा-विटांच्या थराच्या वरच राहू द्या. कोंब गाडला तर तो कुजलाच समजा.

५. कोळसा भरत हलके ठोका आणि रोप बांबूच्या काडीला सुतळीने बांधा. ही पायरी लोक गाळतात. रोप हललं की नव्या मुळांची टोकं कोळशावर घासून मरतात आणि सहा महिने फुकट जातात.

६. तीन-चार दिवस नुसता फवारा, मग नेहमीचं पाणी.

पानं झडलेल्या जुन्या कांड्या कापू नका. त्या रोपाची शिदोरी असतात आणि हिरव्या असतील तर पुन्हा फुलतातही. वाळून पिवळ्या-तपकिरी झाल्यावरच काढा.

पाणी

नेमके दिवस सांगा, असं सगळेच विचारतात. सांगतो, पण अंदाज म्हणून. कोळशातल्या डेंड्रोबियमला मार्च ते मे रोज सकाळी, हिवाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा, पावसाळ्यात पाऊस नसेल तेव्हाच. झाडाच्या सालीच्या तुकड्यांत किंवा मॉसमध्ये (वाळवलेल्या शेवाळात) लावलेल्या फॅलेनॉप्सिसला उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी, थंडीत आठवड्याने. खरी खूण दोनच: मुळं रुपेरी झाली आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागली. कुंडीत दिसणारी मुळं हिरवी असताना पाणी घालायचं नाही, मग तो वार कोणताही असो.

घालाल तेव्हा चमच्याने नको, तळातून धार निघेपर्यंत घाला. सकाळी दहाच्या आत. खालची ताटली रिकामी करा. फॅलेनॉप्सिसच्या मधल्या खोबणीत पाणी साचलं तर कागदाने टिपून घ्या. रात्रभर राहिलेला तो चमचाभर साठा शेंडा कुजवायला पुरेसा असतो.

पावसाचं पाणी सर्वांत चांगलं. बोअरवेलचं जड पाणी सतत वापरलं तर विटांवर पांढरा थर चढतो आणि मुळं त्या तुकड्यांपासून लांब वळतात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, २०० च्या आत असेल तर काळजी नाही. आरओचं शुद्ध पाणी चालतं. त्याचं टाकाऊ पाणी मात्र चालत नाही, कारण सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात. काटकसरीच्या नादात ही चूक फार होते.

खत: अर्धा ग्रॅम

१९:१९:१९ हे (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं) पाण्यात विरघळणारं खत पुरतं. प्रमाण लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, मार्च ते ऑक्टोबर. हिवाळ्यात महिन्यातून एकदा. घरात अर्धा ग्रॅम कोण मोजणार? म्हणून १ लिटरच्या बाटलीत ५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट छोटा चमचा, विरघळवून ठेवा. त्यातलं १०० मिलिलिटर घ्या, ९०० मिलिलिटर पाणी मिसळा. झालं अर्धा ग्रॅम प्रति लिटर. आधी साध्या पाण्याने मुळं ओली करा, मग खताचं पाणी. चौथ्या आठवड्याला खत नाही, नुसत्या पाण्याने कुंडी भरपूर धुवून काढायची. मुळांची टोकं काळी आणि पानांची टोकं जळकी दिसली तर मात्रा जास्त झाली आहे.

चहाचा चोथा, शेणाची स्लरी, ताक, तांदळाचं पाणी यातलं काही नको. गुलाबाला ते मानवत असेल, इथे कोळशाच्या फटी बुजतात आणि बुरशी लागते.

पावसाळा, म्हणजे परीक्षा

जूनचा पहिला पाऊस रोपांना अमृत. कोंब भराभर फुटतात आणि हौशी माणूस खूश होऊन सगळ्या कुंड्या उघड्यावर नेतो. जुलैत आठ-आठ दिवस झड लागते, पानं सुकतच नाहीत आणि मग एका सकाळी नव्या कोंबाच्या बुडाशी काळा पाणचट डाग दिसतो. हा काळा कुजवा. तो खालून वर चढतो, दोन दिवसांत कोंब हातात येतो. पानावर तपकिरी, पाण्याने भरल्यासारखा आणि वास मारणारा डाग असेल तर तो जिवाणूंचा. दोन्हीत उपाय एकच आणि तो लगेच करायचा: तापवलेल्या पात्याने डागाच्या पलीकडचा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर निरोगी भागही धरून कापा, कापावर दालचिनीची पूड दाबा, कुंडी बाकीच्यांपासून लांब कोरड्या वाऱ्यात ठेवा आणि चार दिवस पाणी नको. दालचिनी मुळांवर सांडू देऊ नका, ती त्यांना सुकवते. तांब्याची बुरशीनाशकं डेंड्रोबियमवर टाळा, कोवळी पानं करपतात. बाकीच्यांवर मारायची तर पाकिटावर लिहिलेल्या मात्रेपेक्षा जास्त नको.

कुजवा टाळणं त्याहून सोपं आहे. जूनअखेर कुंड्या छपराखाली घ्या, दोन कुंड्यांत वीतभर अंतर ठेवा, जमिनीवर न ठेवता टांगा किंवा जाळीच्या स्टँडवर ठेवा. बंद गॅलरी असेल तर छोटा पंखा दिवसभर हळू लावा. दमट हवेने ऑर्किड मरत नाही, कोंडलेल्या हवेने मरतं.

याच दिवसांत गोगलगायी मुळांची हिरवी टोकं खातात. त्या रात्री निघतात. कुंडीवर काकडीचा काप ठेवून दहा वाजता टॉर्च घेऊन वेचणं हे कोणत्याही औषधापेक्षा खात्रीचं. उन्हाळ्यात त्यांची जागा पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि लाल कोळी घेतात. पिठ्या कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसा. मग लिटरला ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि चार थेंब भांड्यांचं द्रव साबण संध्याकाळी फवारा, आठवड्याच्या अंतराने तीनदा. एकदा फवारून थांबलात तर अंड्यांतून पुढची पिढी निघते.

फुलं

डेंड्रोबियम फुलत नसेल तर दहापैकी आठ वेळा उजेड कमी आहे. जागा बदला, खत बदलू नका. फॅलेनॉप्सिसला मात्र गारवा लागतो: तीन-चार आठवडे रात्रीचं तापमान २० अंशांच्या खाली. पुण्यात ते नोव्हेंबरपासून आपसूक मिळतं, मुंबईत डिसेंबर-जानेवारीत खिडकी उघडी ठेवली तर. पानाच्या बगलेतून काहीतरी बाहेर येतं तेव्हा ते मूळ की दांडा असा घोळ होतो. गोल गुळगुळीत टोक म्हणजे मूळ, चपटं आणि हातमोज्याच्या अंगठ्यासारखी चिरी असलेलं टोक म्हणजे दांडा.

कळ्या धरल्यावर कुंडी फिरवू नका. तरी कळ्या पिवळ्या पडून गळाल्या तर खोलीत आंबे आहेत का बघा. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि तो कळ्या पाडतो. अढी घातलेल्या खोलीत मे महिन्यात फॅलेनॉप्सिसच्या कळ्या टिकणं अवघडच.

फुलं संपल्यावर फॅलेनॉप्सिसचा दांडा हिरवा आणि रोप दणकट असेल तर खालून तिसऱ्या गाठीच्या वर कापा, तिथून पुन्हा फांदी येऊ शकते. रोप मरगळलेलं असेल तर दांडा बुडाशी कापून त्याला विश्रांती द्या. डेंड्रोबियमचा फक्त फुलांचा तुरा कापायचा, कांडी नाही.

हौस वाढली की

पहिलं रोप पुन्हा फुललं, की दुसरं घ्यायला हरकत नाही. त्याआधी नाही. प्रत्येक नवं रोप तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, नाहीतर एका पिठ्याने पंधरा कुंड्या धरल्याच म्हणून समजा. प्लॅस्टिकच्या पट्टीवर पेन्सिलीने नाव आणि कुंडी भरल्याची तारीख लिहा. मार्करची शाई एका उन्हाळ्यात उडते, पेन्सिल टिकते.

दुसऱ्या वर्षी कॅटलिया घ्या, डेंड्रोबियम जमलं तर तेही जमतं. वांडाची निळी फुलं सगळ्यांनाच खुणावतात, पण ते उघड्या मुळांनी टांगलेलं असतं. कोरड्या दिवसांत त्याला रोज, उन्हाळ्यात दोनदा, मुळं हिरवी होईपर्यंत पाणी लागतं. नोकरीमुळे महिन्यातले आठ दिवस बाहेर असणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये. डेंड्रोबियम भरपूर भिजवून सावलीत ठेवलं तर दिवाळीची आठ दिवसांची सुट्टी काढतं.

आणि घाटातलं रानऑर्किड, सीतेची वेणी. मे-जूनमध्ये तिचे गुलाबी-पांढरे घोस बघून हात शिवशिवतात, रस्त्याकडेला कुणी झाडावरून ओरबाडून विकतही असतं. घेऊ नका. राखीव जंगलातून रोप काढणं गुन्हा आहेच, शिवाय ऑर्किडच्या धुळीएवढ्या बीमध्ये अन्नाचा साठा नसतो. रानात ते विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच रुजतं, म्हणून काढलेल्या एका रोपाची जागा भरायला कित्येक वर्षं लागतात. १९२२ मध्ये लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या अगारवर बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं, तेव्हापासून प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं मिळू लागली. तशी सीतेची वेणी नर्सरीत मागा आणि अंगणातल्या आंब्या-फणसाच्या खडबडीत खोडावर जूनच्या सुरुवातीला सुती पट्टीने बांधा. मुळं दोन महिन्यांत साल धरतात, पट्टी आपोआप कुजून पडते.

एव्हाना तुमच्या पहिल्या डेंड्रोबियमच्या एखाद्या कांडीच्या वरच्या पेरावर छोटं रोपटं आणि त्याला लोंबती मुळं दिसतील. तेच पिल्लू. घाईने तोडू नका. मुळं ५ सेंटिमीटरची आणि निदान तीन होऊ द्या, मग कांडीचा इंचभर तुकडा दोन्ही बाजूंनी ठेवून कापा आणि ३ इंची कुंडीत बारीक कोळशात बसवा. महिनाभर सावली आणि सकाळचा फवारा, पहिलं नवं पान येईपर्यंत खत नाही. फूल दीड-दोन वर्षांनी.